तंबोऱ्याची जवारी काढायला अडीचशे किलोमीटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, आधीच सांगून ठेवतो. कापायचंच झालं तर खाण्यापिण्याचा भाग कापा, तंबोऱ्याचा नको.

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघं मित्र फोंड्याहून मिरजेला जाऊन आलो. दोन दिवस, एक रात्र. घरी सांगितलं देवळातला तंबोरा दुरुस्त करायला जातोय, तर बायकोने नुसतं वर बघितलं आणि परत भाजी चिरायला लागली. तिचंही बरोबर आहे म्हणा, चार बाप्ये गाडी काढून गोव्याबाहेर जातात आणि कारण सांगतात तंबोरा, कोण विश्वास ठेवणार. पण कारण खरंच तेवढंच होतं.

आमच्या गावच्या देवळात दर सोमवारी भजन असतं. मी गात नाही, म्हणजे कोरसमध्ये गातो, माझं मुख्य काम तंबोरा धरून बसणं. देवळात तंबोरे दोन. एक १९६८ साली कुणा यजमानाने नवस फेडताना दिलेला, दांडीच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगात साल लिहिलेलं आहे. दुसरा त्याहून जुना, त्याच्याविषयी शेवटी सांगतो. तर हा १९६८ वाला गेली सहा-सात वर्षं बोलेनासा झालेला. तार छेडली की टण्ण करून आवाज जागीच मेला. पावसाळ्यात आपल्याकडची हवा कशी असते ते काय सांगायला नको, तारांना गंज, खुंट्या फुगून अडकतात नाहीतर ऐन उन्हाळ्यात सैल होऊन आपोआप फिरतात, गोंद सुटतो. मग आम्ही काय केलं, जे सगळे करतात तेच, मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप लावलं आणि ब्लूटूथ स्पीकर देवाच्या बाजूच्या खांबाला ठेवला. चाललं होतं बरं. मग एका सोमवारी गजर रंगात आलेला असताना स्पीकरमधून टिंग टिंग टिंग, कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचे मेसेज, आणि लगेच गॅस सिलिंडरवाल्याचा फोन. विठ्ठलाच्या जागी सिलिंडर. सगळे हसले, मीही हसलो, पण घरी येऊन झोप लागली नाही.

त्याआधी आम्ही इथे दुरुस्तीचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. एका ठिकाणी दिला होता, नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही, फर्निचरचं काम उत्तम करतो. त्याने घोडीवर पॉलिश पेपर मारून ती आरशासारखी सपाट केली आणि सगळ्या तंबोऱ्याला टेबलाला मारतात तसलं चकचकीत वॉर्निश फासलं. दिसायला नवरदेव, आवाज शून्य. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, घोडी म्हणजे तबलीवरचं, भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरचं, ते लहानसं पाटासारखं हाडाचं किंवा शिंगाचं, ज्याच्यावरून तारा जातात. ती सपाट दिसते पण सपाट नसते, तिला बारीक उतार असतो, आणि त्या उतारावर तार किंचित घासत थरथरते म्हणून तंबोऱ्याला तो भुंग्यासारखा गुंजारव येतो. त्या उताराला आणि त्या आवाजालाही जवारी म्हणतात. ती काढणं म्हणजे कानाचं काम, रंधा मारायचं नाही.

मग आमच्यातले शाळामास्तर म्हणाले, मिरजेला नेऊया. मास्तर गातात, गांधर्वचे विशारद आहेत, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाचं परीक्षेचं ऑफिस मिरजेला असल्यामुळे त्यांना लहानपणापासून मिरज म्हणजे जिथून रिझल्ट येतो ते गाव. माझ्या आजीच्या तोंडी मिरज म्हणजे मिशन हॉस्पिटल, इथे डॉक्टरांनी हात टेकले की पेशंट मिरजेला. आमच्या तंबोऱ्याला दोन्ही अर्थ लागू होते.

देवस्थान कमिटीची परवानगी घेण्यात दीड महिना गेला. देवळाची वस्तू राज्याबाहेर कशी न्यायची, कुणाच्या जबाबदारीवर, मोडला तर. शेवटी पखवाजवाल्याने, तो एलआयसीचा एजंट आहे, सगळ्यांना इतका वेळ समजावलं की त्यांनी कंटाळून सही केली.

आता तंबोरा गाडीत कसा बसवायचा हा एक स्वतंत्र विषय आहे. पावणेपाच फूट लांब, एका टोकाला भोपळा. अर्टिगाची मागची सीट पाडली, भोपळ्याखाली दोन उशा, सगळ्याला जुनी गोधडी गुंडाळली, आणि दांडी मधल्या सीटवरच्या दोघांच्या मधून पुढे आलेली. म्हणजे मी आणि मास्तर दोन बाजूला आणि मध्ये खुंट्या, आजारी माणसाला नेताना नातेवाईक बसतात तसे. गाडी चालवणारा कॉम्प्युटर दुकानवाला मित्र, त्याला प्रत्येक खड्ड्यात आम्ही तिघं एकदम ओरडायचो, सांबाळून रे!

पहाटे पाचला निघालो. साखळी, केरी, चोर्ला घाट. सत्तरीतल्या केरीची पाटी दिसली तसा पखवाजवाला म्हणाला, बघा हे केसरबाईंचं केरी. मास्तर झोपेतून उठून म्हणाले, नाही, ते आपल्या फोंड्यातलं केरी, आणि परत झोपले. घाटात धुकं इतकं की समोरच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मला मात्र त्या पाटीनंतर एकच विचार, आपल्या थोर गायिका केसरबाई केरकर जन्मल्या १८९२ साली, आणि वयाच्या आठव्या वर्षी कोल्हापूरला जाऊन काही महिने किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या, तर त्या काळात एवढीशी पोर पोर्तुगीज हद्दीतून घाट चढून तिकडे पोचली कशी असेल. आम्ही गूगल मॅप लावून कुरकुरत होतो.

घाट चढून गेल्यावर चेकपोस्टला गाडी थांबवली. गोव्याची नंबरप्लेट, चार पुरुष, आणि मागे गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. पोलिसाचे डोळे चमकले हो. गोधडी सोडायला लावली, भोपळ्यावर बोटाने टकटक केलं, कान लावला. आत बाटल्या असतील असं वाटलं असणार. मग म्हणाला वाजवून दाखवा. मी तार छेडली, टण्ण. त्याने तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "जावा जावा, लवकर दुरुस्त करून आणा." म्हणजे त्यालाही कळलं.

बेळगावात नाश्ता, येताना घ्यायचा कुंदा जातानाच घेतला आणि चिकोडीपर्यंत संपवला. चिकोडी-कागवाडमार्गे गेलो, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे. बाराच्या सुमाराला मिरज.

सतारमेकर गल्ली विचारत गेलो तर कुणीही सांगतं. बाहेरून बघाल तर साधी गल्ली, दुचाक्या, वाळत घातलेले कपडे, पण उघड्या दारांतून आत बघावं तर भिंतीला नुसत्या दांड्या टेकवलेल्या, वर माळ्यावर भोपळेच भोपळे, जमिनीवर लाकडाचा भुसा आणि कोपऱ्यात एक मुलगा बसून तारा गुंडाळतोय. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढ्याच्या बाजूने. आपल्या भाजीचे नव्हेत, हे कडू आणि जाड सालीचे, खास वाद्यांसाठी पिकवतात, वेलीवर पाहिजे त्या आकारात वाढावेत म्हणून शेतकरी त्यांना नीट बैठक देऊन ठेवतात. आम्ही एक उचलून बघितला, डोक्यापेक्षा मोठा आणि वजन काहीच नाही.

ह्या धंद्याची सुरुवात पण ऐकण्यासारखी आहे. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजांचं राज्य आल्यावर तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा १८५० च्या आसपास फरीदसाहेब शिकलगार ह्यांनी तंबोरे-सतारी दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतल्या. मिरज संस्थानच्या पटवर्धनांना गाण्याची आवड, दरबारी गवयांची ये-जा, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, काजू-फेणीला आपल्याकडे आहे तेच. गल्लीतल्या एकाला मी हे विचारलं तर म्हणाला, हो मिळालं की, पेपरात फोटो आला, पण पोराला अजून बसवत नाही मी ह्यात, तो पुण्याला आयटीत आहे.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते कारागीर सत्तरीचे असावेत. त्यांना सगळे चाचा म्हणत होते म्हणून आम्हीही चाचा. गोधडी सोडली तसे ते आधी काहीच बोलले नाहीत. दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघितलं, बाक आलाय का. भोपळ्यावर टिचकी मारून फिरवत फिरवत ऐकलं, एका जागी थांबले, तिथे चीर होती जी आम्हाला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. मग घोडीवर नख फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला पॉलिश पेपर कुणी मारला ओ?" मी मान खाली. मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मित्र असावेत तर असे.

मग त्यांनी टॉर्च घेऊन भोपळा आणि तबलीच्या सांध्याजवळ बघितलं आणि आम्हाला बोलावलं. वॉर्निशच्या थराखाली कागदाचा लहानसा चौकोन, जळल्यासारखा तपकिरी, अक्षरं सगळी गेलेली, शेवटची दोनच उरलेली, "रज". चाचा म्हणाले, "आमच्या गल्लीतलाच हाय. माहेरी आला म्हणायचा." नंतर त्यांनी तंबोऱ्याला ज्या पद्धतीने आत नेऊन भिंतीला टेकवला, मला वाटलं आता आपली इथे गरज नाही. उद्या दहाला या म्हणाले.

दुपारी जेवलो. कॉम्प्युटरवाल्याला मासे मिळाले नाहीत, तो दोन दिवस त्याच दुःखात होता, ह्यापलीकडे जेवणाविषयी लिहीत नाही. संध्याकाळी मास्तरांसाठी गांधर्व मंडळाचं ऑफिस शोधलं, अर्थात बंद, गेटपाशी त्यांनी फोटो काढून घेतला आणि बायकोला पाठवला, ह्याच लोकांनी मला मध्यमा पूर्णला थिअरीत कमी मार्क दिले म्हणून. विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे, लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, त्याच्या उपचाराला मिरजेला आले आणि इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. मग १९०१ मध्ये लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे मिरजेला दवाखान्यासाठी यायचं आणि गाणं घेऊन जायचं ही जुनीच पद्धत आहे, आम्ही काही नवीन केलं नाही.

मग मीरासाहेबांचा दर्गा. उरूस नव्हता, गर्दी नव्हती. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर ह्याच आवारात आहे. उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, चिंचेच्या झाडाखाली, कलाकार हजेरी लावायला म्हणून येतात, तिकीट नाही, ज्याला ऐकायचं त्याने येऊन बसायचं. तसंच नवरात्रात अंबाबाईच्या देवळात. ह्या गावाला गाणं ऐकायला ऑडिटोरियमची वाट बघावी लागत नाही एवढं मात्र दिसलं. खाँसाहेब गेले १९३७ साली, मद्रासकडच्या एका लहान रेल्वे स्टेशनवर, पाँडिचेरीच्या वाटेवर असताना. छातीत दुखायला लागलं म्हणून गाडीतून उतरले, आणि सांगतात असं की तिथेच फलाटावर तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी रागात प्रार्थना म्हणत म्हणत गेले. चाचांनी दुसऱ्या दिवशी आणखी एक सांगितलं, खाँसाहेबांना जवारी स्वतः काढता यायची, दुसऱ्याच्या हातात तंबोरा द्यायला नको असायचा. दर्ग्यात आम्ही अर्धा तास बसलो असू. मास्तर काहीतरी गुणगुणत होते, पखवाजवाला मांडीवर बोटं मारत होता, कॉम्प्युटरवाला चक्क फोन खिशात ठेवून बसलेला. एक म्हातारबा झाडून काढत होते, ते आमच्या भोवतीचा भाग झाडायचा सोडून बाकी सगळं झाडून निघून गेले.

रविवारी दहाला गेलो तर चाचांनी भोपळ्याची चीर रात्रीच भरून ठेवलेली, खुंट्या तासून बसवलेल्या, नव्या तारा चढवलेल्या. जवारी मात्र आमच्यासमोर काढणार म्हणाले, कुणाच्या आवाजासाठी आहे ते कळल्याशिवाय काढता येत नाही. मास्तरांना सा लावायला सांगितला. काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. बरं म्हणाले आणि मांडी घालून बसले.

आता हे मी शक्य तितकं नीट सांगतो कारण ह्यासाठीच पत्र लिहितोय. तार सैल करून घोडीवरून बाजूला सरकवली. बारीक कानस घेतली, लांबीने वीतभर. घोडीच्या एका कडेला चार घासे, जास्त नाही. फुंकर. तार परत जागेवर, ताणली, छेडली, डोळे मिटले. नाही. परत सैल, परत बाजूला, आता दोनच घासे आणि तेही दुसऱ्या कडेला. फुंकर, तार, छेड. असं एका तारेला मी मोजलं, सव्वीस वेळा. सव्वीस! मध्ये एकदा मला वाटलं झालं, छान वाजतेय, मी मान डोलावली, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि परत कानस लावली. त्यांचा नातू चहा घेऊन आला, बारा-तेरा वर्षांचा असेल, कप ठेवता ठेवता म्हणाला, "अजून बंद हाय पंचम." आणि गेला. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. भजनात आमची हयात गेली.

शेवटी दोरा. पांढरा सुती दोरा, त्याचा एक पदर सोडवून घेतला, तारेच्या खाली घोडीवर सरकवला, केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे, आणि एका जागी तार एकदम उघडली. उघडली हाच शब्द आहे त्यांचा आणि दुसरा शब्द मला सुचतही नाही. इतका वेळ खोलीत तारेचा आवाज येत होता, आता खोलीच वाजायला लागली. चारही तारा झाल्यावर खर्ज, म्हणजे खालच्या सा ची जाड तार, छेडून म्हणाले ऐका. आधी सा, मग तो विरता विरता त्याच्यातून वर गंधार. कुणी वाजवलेला नाही, गंधाराची तारच नाही तंबोऱ्याला, तरी तो येतोच. स्वयंभू गंधार म्हणतात, पुस्तकात वाचलेलं, मास्तर दरवर्षी मुलांना लिहूनही देतात, आणि ते मास्तर तिथे डोळे पुसत होते. एवढी वर्षं शिकवतोय, म्हणाले, आणि स्वतः आज ऐकला. मग चाचांनीच त्यांना गायला लावलं, पाच-सात मिनिटं भूप गायले असतील. रोज असे कितीजण येऊन गातात तिथे, गल्लीतून जाणाऱ्या बाईने आत डोकावून बघितलं आणि पुढे गेली.

बिल किती विचारलं. सतराशे, तारांसकट. वॉर्निश काढून नीट चपडा पॉलिश करायचं तर महिनाभर ठेवावा लागेल म्हणाले, ते राहू दिलं. आमचं पेट्रोल साडेतीन हजाराच्या वर गेलं, लॉज वेगळा, भडंग वेगळी. म्हणजे औषधापेक्षा वाटखर्च दुपटीहून जास्त.

आता मुद्दा, संपादकसाहेब. आपल्या पेपरात वर्षातून निदान दहा वेळा येतं की गोवा ही गाण्याची भूमी. आहेच की. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, दीनानाथ मंगेशीचे, अभिषेकीबुवा मंगेशीचे, खाप्रुमामा पर्वतकरांचं नाव घेतल्यावर तर लयीतले लोक अजून कानाला हात लावतात. ज्या देवळांच्या आवारात ही माणसं वाढली, त्यातले कितीतरी सूर कलावंतांच्या घरातल्या बायकांनी सांभाळले ज्यांची नावं कुठेच नाहीत. मोगूबाईंचं कुर्डी तर साळावली धरणाखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की सोमेश्वराचं देऊळ वर येतं आणि लोक जमतात, मी स्वतः दोनदा गेलोय. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर चढून निघाली, आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलीय. आणि त्यांच्याच तालुक्यात देवळातल्या तंबोऱ्याची घोडी घासायला माणूस नाही, त्याला दोन राज्यांच्या हद्दी ओलांडून अडीचशे किलोमीटर न्यायचा.

घुमटाचं बघा, ते मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं आपलं वाद्य. २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं, त्याआधी घोरपडीच्या कातड्यावर बंदी म्हणून घुमट संपणार असं सगळे म्हणत होते, पण बकऱ्याचं कातडं लावून करायला शिकले लोक, आज गणेश चवथीला घराघरात पोरं वाजवतात. कारण घुमट करणारा आणि मढवणारा गावात आहे. तंबोऱ्याचं तसं नाही, वाजवणारे आहेत, गाणारे तर आहेतच, मधला माणूस नाही. मैफिलीला बाहेरचे कलाकार आपापले तंबोरे घेऊन येतात, वाजवतात, परत घेऊन जातात. आपले देवळात कपाटात.

मला कुणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत, मोठी योजना, केंद्र, भवन, त्यातलं काही नको. भवन बांधलं तर त्याच्या गळतीवर आणखी पत्रं लिहावी लागतील. माझं म्हणणं इतकंच आहे की आपल्याकडे भजनाच्या स्पर्धा तालुक्या-तालुक्यात होतात, शेकडो मंडळं येतात, तर त्या दिवसांत मिरजेहून एखाद्या कारागिराला बोलावून हॉलच्या बाहेरच्या व्हरांड्यात बसवावं. दोन दिवस. ज्या मंडळाकडे, ज्या देवळात तंबोरा पडून आहे त्यांनी घेऊन यावं, जवारी काढून न्यावी, पैसे द्यावेत, फुकट नको. मी चाचांना विचारलं, याल का. म्हणाले, बोलावलं तर येतो की, पण एक पोरगं पायाशी बसायला द्या, मी गेल्यावर परत गाडी घेऊन येणार काय तुम्ही? आपल्याकडे सुतारकामात हात बसलेली पोरं कमी नाहीत, आणि चवथीच्या आरत्यांनी कान तयार झालेली तर घराघरात आहेत. दोन्ही एका पोरात सापडलं की झालं. आमच्या तंबोऱ्याला वॉर्निश फासणाऱ्या त्या गृहस्थांना मी सगळी हकीगत सांगितली, राग येईल वाटलं होतं, तर म्हणाले त्यांचा धाकटा पेटी वाजवतो, कुणी शिकवणार असेल तर पाठवतो.

आणि देवस्थान कमिट्यांना एक विनंती. तंबोरा कुलुपात ठेवू नका. चाचांनी निघताना हे दोनदा सांगितलं, रोज नाही तरी आठवड्याला तारा छेडा, तारा पुसून ठेवा, पावसात सैल करा, भिंतीला उभा ठेवू नका, आडवा ठेवा.

परत येताना त्याच चेकपोस्टला दुसराच पोलीस होता, त्याने थांबवलंच नाही. आमची फार इच्छा होती थांबवावं, वाजवून दाखवायला सांगावं.

सोमवारी भजनाला तंबोरा लावला. मुद्दाम कुणाला काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे एक आजी येतात, ऐंशीच्या पुढच्या, खांबाला टेकून बसतात, डोळ्यांना कमी दिसतं. गजर झाल्यावर त्यांनी मला हाक मारून विचारलं, "आयज नवी पेटी हाडल्या कितें रे?" म्हणजे आज नवी पेटी आणलीय काय.

तर ज्यांच्या देवळात, शाळेत, घरात असा तंबोरा आहे त्यांनी ह्याच पत्रांच्या जागेत दोन ओळी लिहून कळवावं, कुठलं गाव, किती तंबोरे, काय अवस्था. कारागीर बोलवायचा तर किती काम आहे ते तरी कळेल. आमच्या देवळाचं मीच लिहितो. तंबोरे दोन. एक चालू, काळी एक. दुसऱ्याला घोडी नाही, खुंट्या तीन, भोपळा मागून फुटलेला आणि आत उंदरांनी कापूस भरलेला.

आपला,
एक वाचक, तालुका फोंडा